घरच्या सुतारकामाच्या युक्त्या, आपल्या नागपूरच्या हवेत चालतील अशा

रंधा_पटाशी
नमस्कार मंडळी. व्हिडिओ बघून घरी सुतारकाम करणारे आता आपल्याकडे बरेच झालेत, गच्चीवर नाहीतर पार्किंगच्या कोपऱ्यात टेबल टाकलं की झालं वर्कशॉप, आणि युक्त्याही ढिगाने सापडतात. पण त्यातल्या बऱ्याच युक्त्या थंड देशातल्या गॅरेजमधल्या आहेत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर, हवा कोरडी ठाक, लाकूड आकसतं, आणि जूनच्या शेवटी पाऊस लागला की तीच फळी फुगते. त्यात आपला डेझर्ट कूलर म्हणजे बाहेर कोरडं आणि खोलीत ओल. म्हणून इथे युक्ती सांगताना ती कोणत्या ऋतूत, कोणत्या लाकडावर चालते तेही लिहा, नाहीतर वाचणाऱ्याला उपयोग नाही.

सुरुवात मी करतो. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, हलतं ते रुंदीत. सागवान त्यातल्या त्यात शांत लाकूड, तरी साध्या चिरलेल्या सागवानाची दोन फूट रुंद टॉप असेल आणि आतल्या ओलाव्यात ५ टक्क्यांचा फरक पडला तर ५-६ मिमी, म्हणजे पावणेदोन-दोन सूत हलते. ती टॉप खालच्या चौकटीला चहूबाजूंनी स्क्रूने घट्ट आवळली तर एकतर फळी फाटणार नाहीतर चौकट उघडणार, तिसरा रस्ता नाही. म्हणून चौकटीतली भोकं गोल न पाडता लांबट पाडा, फळीच्या रुंदीच्या दिशेने लांब, खाली वॉशर टाका आणि स्क्रू टेकेल इतकाच आवळा. मधला एक स्क्रू पक्का, बाकीचे सरकते. पॅनेलच्या दरवाजातही मधलं पॅनेल खाचेत मोकळं राहिलं पाहिजे, तिथे फेविकॉलचा थेंबही नको. आणि उन्हाळ्यात पॅनेल बसवताय तर खाचेत जागा सोडा, ते पावसाळ्यात फुगणार आहे. पावसाळ्यात बसवताय तर जवळजवळ पूर्ण भरून बसवा, पुढे ते आकसणारच आहे.

दुसरं, लकडगंजच्या लाकूडबाजारातून फळ्या आणल्या की त्याच दिवशी कापायला घेऊ नका. ज्या खोलीत वस्तू राहणार त्याच खोलीत फळ्यांच्या मध्ये पट्ट्या ठेवून चारही बाजूंनी हवा लागेल अशा रचा आणि दोन-तीन आठवडे विसरून जा. सगळ्यात स्वस्त युक्ती हीच आहे.

सूत_दोन_सूत
मस्त धागा. माझ्याकडून मापाच्या युक्त्या, यांना ऋतू लागत नाही.

नवीन गुण्या, म्हणजे काटकोन बघायचं साधन, घेतला की दुकानातच तपासायचा. सरळ कडेच्या प्लायवर गुण्या टेकवून टोकदार पेन्सिलीने रेघ मारा, मग गुण्या उलटा करून त्याच जागेवरून दुसरी रेघ मारा. दोन्ही एकावर एक आल्या तर गुण्या खरा, वर जाता जाता फाकल्या तर जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मी चूक गुण्यात. स्वस्तातल्या गुण्यांमध्ये हे फार निघतं आणि मग माणूस आयुष्यभर स्वतःच्या हाताला दोष देत बसतो.

फळीचे सारखे भाग करायचे असतील तर भागाकार करू नका. समजा फळी ७ इंच रुंद आहे आणि ५ भाग हवेत. पट्टी तिरकी ठेवा, शून्य एका कडेला आणि १० दुसऱ्या कडेला टेकेल एवढी तिरकी, आणि २, ४, ६, ८ वर खुणा करा. झाले पाच सारखे भाग. कॅबिनेटची चौकट गुण्यात आहे का बघायला दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले की चौकट बरोबर, गुण्या लावायचीही गरज नाही.

आणि एक, जिथे जोड येणार आहे तिथे पेन्सिलीऐवजी कटरने खूण करा. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते, कटरच्या खुणेला नसते, शिवाय पटाशी, म्हणजे लाकूड कोरायचं सपाट पात्याचं हत्यार, त्या खाचेत आपोआप बसते आणि वरचे रेषे आधीच तुटलेले असल्याने कड फाटत नाही.

धंतोलीची_ताई
मी घरातल्या घरात छोटी कामं करते, शेल्फ, चप्पल स्टँड, मुलीचं स्टडी टेबल. माझा प्रश्न फेविकॉलचा आहे. उन्हाळ्यात दोन फळ्या जोडायला घेतल्या की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लावेस्तोवर पहिलं टोक सुकायला लागतं. आणि बाहेर आलेला फेविकॉल ओल्या फडक्याने पुसला तरी पॉलिश केल्यावर तिथे पांढुरका डाग दिसतोच. काय करायचं?

रंधा_पटाशी
ताई, पांढरा फेविकॉल पाणी उडून सुकतो, आणि आपल्या मे महिन्यात दुधावर साय धरावी तशी त्यावर दोन-तीन मिनिटांत पापडी धरते. पापडी धरल्यावर फळ्या दाबल्या तर जोड वरून चिकटल्यासारखा दिसतो पण आत धरत नाही. उन्हाळ्यात जोडकाम सकाळी सहा-सातला करा किंवा रात्री, फेविकॉलचा डबा आणि फळ्या दोन्ही आदल्या रात्रीपासून सावलीत ठेवा. एका वेळी एकच जोड. आणि आधी कोरडी जुळवाजुळव करून घ्या, क्लॅम्प उघडून योग्य अंतरावर मांडून ठेवलेले हवेत, फेविकॉल लावल्यावर क्लॅम्प शोधायला जाऊ नका.

डागाचं म्हणाल तर ओल्या फडक्याने पुसणंच बंद करा. पुसताना पातळ झालेला फेविकॉल रेषांमध्ये शिरतो आणि तिथे पॉलिश पोचत नाही. त्यापेक्षा थांबा. बाहेर आलेला फेविकॉल रबरासारखा झाला की जुन्या पटाशीने सोलून काढा, अख्खी वळी निघते. वेळ हवेवर अवलंबून, उन्हाळ्यात लवकर, पावसाळ्यात बराच उशिरा. आणखी सोपं म्हणजे जोडाच्या दोन्ही बाजूंना आधीच मास्किंग टेप लावून घ्या.

सागवानाला एक जास्तीचं काम आहे. त्यात स्वतःचं तेल असतं, त्यामुळे ताजा रंधा मारून लगेच जोडा, आणि रंधा मारून दोन-चार दिवस झाले असतील तर जोडायच्या कडा थिनरने किंवा ॲसिटोनने पुसून घ्या, पूर्ण उडू द्या, मग फेविकॉल. गच्चीवर उन्हात राहणाऱ्या बाकड्याला मात्र साधा पांढरा फेविकॉल नकोच, तो उष्णतेत मऊ पडतो. तिथे इपॉक्सी वापरा, आणि जोड असे करा की वजन लाकडावर यावं.

जुना_सुतार
राम राम. आमच्या घरी तीन पिढ्या हेच काम. तुमी लोकं क्लॅम्प क्लॅम्प करून राहिले, एक चांगला लांब क्लॅम्प घ्यायला गेलं तर खिसा रिकामा होते, त्यात फळी जोडाले चार-पाच लागतात. मी सांगतो तसं करा. जुन्या सायकलची ट्यूब घ्या, पंक्चरवाला फुकट देते, तिची लांबीत कापून इंचभर रुंद पट्टी करा आणि ताणून ताणून गुंडाळा, गोल वस्तू असो का वाकडी, खुर्चीचा पाय असो, असा दाब बसते का क्लॅम्पले येत नाई. फेविकॉल रबराले धरत नाई, सुकल्यावर आपोआप सुटते.

आणि रुंद फळ्या जोडाच्या असतील तर पाचर. जाड प्लायवर दोन पट्ट्या ठोका, फळ्यांच्या रुंदीपेक्षा इंच-दीड इंच जास्त अंतर ठेवून. फळ्या मधात ठेवा आणि उरलेल्या फटीत दोन पाचरी समोरासमोर उलट्या घाला, दोन्हीकडून हातोडीनं हळूहळू ठोका. दाब सरळ येते, फळी सरकत नाई. फळीखाली पेपर टाकजा, नाई तर खालच्या प्लायलेच चिकटन. वरून एक आडवी पट्टी दाबून ठेवा म्हणजे फळ्या मधातून उचलणार नाई. आमच्या आज्यानं मोठमोठे दरवाजे असेच जोडले, अजून उभे आहेत.

महालवाला
जुना_सुतार भाऊ, पाचरीची युक्ती एक नंबर.

मी लाकडाबद्दल लिहितो. महाल-इतवारीत जुने वाडे पडून राहिले, आणि त्यातलं सागवान जुन्या लाकडाच्या दुकानात मिळतं. हे सीपी टीक, चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलं, नाव अजून जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसचं चालू आहे. आपल्या भागाच्या सागवानाची किंमत बाहेरच्यांना चांगली कळते, अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहूनच सागवान गेलं. जुन्या वाड्याचा खांब किंवा तुळई म्हणजे कित्येक दशकं सुकलेलं लाकूड, त्याला जे हलायचं होतं ते बहुतेक हलून झालेलं असतं, नवीन लाकडापेक्षा मला ते केव्हाही बरं वाटतं.

पण दोन गोष्टी बघून घ्या. पहिली खिळे. वरून दिसत नाहीत, डोकं तुटून आत राहिलेले असतात, आणि रंध्याचं पातं एका खिळ्यात कामातून जातं, मशीनवर तर अंगावर येतं. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक फळीवरून सावकाश फिरवा, जिथे ओढेल तिथे खडूने गोल करा. दुसरी, कडेचा पांढरट भाग. सागवानाचा टिकाऊपणा आतल्या तांबूस-सोनेरी गाभ्यात आहे, बाहेरच्या पांढऱ्या कच्च्या भागाला कीड लागते. बारीक भोकं आणि खाली मैद्यासारखी पूड दिसली तर तो भाग कापूनच टाका.

धंतोलीची_ताई
पूड दिसली पण कापण्यासारखं नसेल तर? माझ्याकडे आंब्याच्या लाकडाचं शेल्फ आहे.

महालवाला
आंब्याला ही कीड हमखास लागते ताई. बोरॅक्स दीड भाग आणि बोरिक ॲसिड एक भाग गरम पाण्यात विरघळवून ब्रशने भरपूर पाजा, दोन-तीन हात. पण लाकूड उघडं हवं, पॉलिश किंवा रंग असेल तर आधी घासून काढा, नाहीतर पाणी वरच्यावर राहील. पूर्ण सुकल्यावरच परत पॉलिश. पोळपाट, लाटणं, भाजी कापायचा पाट यांना हे लावू नका, आणि मिसळताना हातमोजे घाला.

अभियंता_हिंगणा
स्वस्त लाकडाचा विषय निघाला म्हणून. आमच्याकडे एमआयडीसीत मशिनरीच्या पॅकिंगचे पॅलेट निघतात, पाइनचं लाकूड असतं, हलकं आणि कापायला मऊ. घेताना त्यावरचा शिक्का वाचा. गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह असतं आणि बाजूला अक्षरं. 'एचटी' म्हणजे गरम करून किडे मारलेत, लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंशाला ३० मिनिटं. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड वायू दिलाय, ते घरात आणू नका. तेलाचे-केमिकलचे डाग असलेलं तर शिक्का कोणताही असो, सोडून द्या.

आता एक कळकळीची विनंती. बरेच लोक अँगल ग्राइंडरला लाकडाचं दातेरी पातं लावून कापतात. कृपया करू नका. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फिरतो, त्याचा गार्ड लाकडाच्या पात्यासाठी बनलेला नसतो, आणि दात लाकडात अडकला की यंत्र हातातून उसळून थेट अंगाकडे येतं. मांडी, पोट, मान, कुठेही. प्लाय कापायला तळपट्टीवाली सर्क्युलर सॉ घ्या, आणि पात्यावर छापलेला जास्तीत जास्त वेग मशीनच्या वेगापेक्षा जास्त आहे ना ते बघूनच पातं लावा.

सर्क्युलर सॉने सरळ कापायला पट्टी घरी बनते. ६ मिमी प्लायची रुंद पट्टी घ्या, तिच्यावर १२ मिमीची अरुंद सरळ पट्टी चिकटवा आणि स्क्रू मारा. मशीन त्या वरच्या पट्टीला टेकवून एकदा पूर्ण चालवा, म्हणजे खालच्या पट्टीची जादाची कड कापली जाईल. आता ती कड म्हणजेच पात्याची रेषा. पुढे प्रत्येक वेळी कड खुणेवर ठेवा, दोन क्लॅम्प मारा आणि कापा, मोजमाप करायची गरज नाही. सनमायका किंवा व्हिनिअरची (प्लायवर चिकटवलेल्या लाकडाच्या पातळ थराची) चांगली बाजू खाली ठेवा, कारण या मशीनचे दात खालून वर कापत येतात आणि फाटतं ते वरच्या बाजूला. हाताच्या करवतीला उलटं, चांगली बाजू वर.

पोट्ट्याचा_बाप
स्क्रू मारताना साबण लावतात ते बरोबर आहे का? आमच्या बिल्डिंगमधला मिस्त्री लावतो.

सूत_दोन_सूत
साबण लावलं की स्क्रू सरसर जातो हे खरं, पण साबण ओल धरून ठेवतं आणि पावसाळ्यात स्क्रू आत गंजतो. मेणबत्ती घासा, काम तेच आणि गंजत नाही. पितळी स्क्रू असेल तर आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू मारून काढा, मग मेण लावून पितळी बसवा, पितळ मऊ असतं, थेट मारलं तर डोकं तुटतं.

जुना_सुतार
साबणानं सारी नागपूर उभी राहिली भाऊ, काई होत नाई. पण बाथरूमच्या दाराले मेणच लावा, तिथं ओल राहते, हे मान्य.

बिजागरीचा स्क्रू ढिला झाला, भोक मोठं झालं तर मोठा स्क्रू नका ठोकू. बांबूच्या काड्या फेविकॉलात बुडवून भोकात दाबून भरा, सुकू द्या, वरून कापा आन् मग बारीक ड्रिल मारून तोच स्क्रू. माचिसच्या काड्या मऊ असतात, बांबू पक्का.

आन् भुशात फेविकॉल कालवून भेगा भरणारे लय आहेत. ओल्यात रंग जमते, पॉलिश केलं का तो ठिपका काळा पडते. भुसा बारीक चाळा, फेविकॉलच्या जागी सँडिंग सीलर घ्या, किंवा चपडा लाख. त्याच लाकडाचा भुसा पाहिजे.

वर्धा_रोड
धार कशी लावता सगळे? माझी पटाशी आणली तेव्हापासून लाकूड कापते कमी आणि चिरडते जास्त.

रंधा_पटाशी
दुकानातून आणलेली पटाशी धार लावलेली नसतेच, ती फक्त आकार दिलेली असते. जाड काचेचा तुकडा घ्या, काचवाल्याकडे कापलेले तुकडे मिळतात, त्यावर पाण्याचा पॉलिश पेपर पाणी टाकून चिकटवा. आधी पटाशीची सपाट पाठ, टोकाजवळचा इंचभर भाग, ४०० नंबरवर घासा, मग १०००, मग २०००, आरशासारखी होईपर्यंत. पाठ सपाट नसेल तर पुढे कितीही घासा, धार येणार नाही, आणि नेमकं हेच बरेच जण गाळतात. ते एकदाच करावं लागतं. मग उतरती बाजू २५ ते ३० अंशात. पाठीकडून बोटाने अलगद चाचपलं की बारीक कोर, म्हणजे घासून मागे वळलेली कड, लागली पाहिजे, तेव्हाच पुढच्या नंबरवर जा. शेवटी लाकडाच्या पट्टीवर जुना चामडी पट्टा चिकटवून त्यावर पितळ चमकवायचं पॉलिश लावा आणि पटाशी मागे ओढत फिरवा, पुढे ढकलू नका.

सागवान धार लवकर खातं, त्यात सिलिका असते. त्यामुळे धार पूर्ण जाईपर्यंत थांबू नका, मध्ये मध्ये पट्ट्यावर आठ-दहा हात मारले की परत पेपरवर घासायची वेळ उशिरा येते.

धंतोलीची_ताई
आता माझी पण एक युक्ती. टेबलावर काहीतरी पडून खड्डा पडला, रेषे तुटले नसतील नुसते दबले असतील, तर ओलं सुती फडकं चौपदरी करून त्या जागेवर ठेवा आणि गरम इस्त्री टेकवा, वाफेने रेषे परत उठतात. नुसत्या लाकडावर चालतं. व्हिनिअर असेल तर करू नका, खालचा गोंद सुटतो.

आणि फिनिशला मी जवसाचं तेल वापरते, आपल्या विदर्भातलंच पीक, पण कच्चं तेल सुकायला फार दिवस घेतं, म्हणून पेंटच्या दुकानातून डबल बॉइल्ड आणते. पातळ हात, अर्ध्या तासाने जादाचं पुसायचं. पुसलेलं फडकं मात्र चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल सुकताना गरम होतं आणि बोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं, आपल्या उन्हाळ्यात तर जास्तच. बाहेर दोरीवर एकेक पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या डब्यात बुडवा.

अभियंता_हिंगणा
ताई, फडक्याचं सांगितलंत ते फार बरं झालं. मी त्यात भुशाची भर घालतो. लाकडाचा बारीक भुसा फुफ्फुसाला वाईट आहे, जागतिक पातळीवर तो कॅन्सर करणाऱ्या पदार्थांमध्ये धरलेला आहे. पॉलिश पेपर मारताना रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क लावा, आणि घासकाम कूलरसमोर तर अजिबात नको, सगळी धूळ घरभर.

पोट्ट्याचा_बाप
मंडळी, तान्ह्या पोळ्याला पोराला बाजारातला बैल न घेता स्वतः करून द्यायचा आहे. फूटभर उंच, चाकावरचा. एकाच फळीतून बैलाचा आकार कापावा म्हणतो, जिगसॉ आहे. जमेल ना?

जुना_सुतार
जमन, पण एका फळीतून कापला तर पाय मोडतीन. रेषे आडवे गेले ना शरीराच्या लांबीत, तर पायात ते आडवेच येतात, आन् आडव्या रेषाचा बारीक पाय पोट्ट्यानं एकदा आपटला का गेला. पाय वेगळे काढा, रेषे उभे ठेवून, आन् अंगाले दोन्हीकडून चिकटवा. अंग जाड होते, बैल भारदस्त दिसते. शिंगं पण वेगळीच, वाकाच्या दिशेनं रेषे येतीन असा तुकडा निवडा आन् भोक पाडून आत बसवा.

रंधा_पटाशी
चाकांना होल सॉ वापरा, म्हणजे ड्रिलला लावायचं गोल कापणारं पातं, मधोमध बारीक ड्रिल असलेलं. अर्धी जाडी एका बाजूने कापा, फळी उलटी करून मधल्या भोकातून दुसऱ्या बाजूने पूर्ण करा, कडा फाटत नाहीत. फळी टेबलाला क्लॅम्प करून, हाताने धरून नाही. मधलं भोक बहुतेक ६ मिमीचं येतं, त्यात त्याच मापाची दांडी चिकटवा, आणि खालच्या पाटाचं भोक ७ मिमी ठेवून आत मेण घासा, म्हणजे चाकं दांडीसकट फिरतील. पोळा भर पावसाळ्यात येतो, भोक तंग ठेवलं तर नेमकं त्याच दिवशी लाकूड फुगून चाक अडकायचं.

पोट्ट्याचा_बाप
कडा किती गोल करू? आणि रंग?

धंतोलीची_ताई
कान, शिंगं, खूर सगळं बोट फिरवून टोचणार नाही इतकं. रंग घेताना डब्यावर शिसं नसल्याचं लिहिलेलं बघा, पोरं तोंडात घालतात. पावसाळ्यात रंग सुकायला वेळ लागतो, तर बैल पोळ्याच्या आठवडाभर आधी रंगवून मोकळे व्हा. झूल मात्र कापडाचीच शिवा, रंगवलेल्या झुलीला ती शोभा नाही.

पोट्ट्याचा_बाप
हाव ताई. झुलीचं काम आईकडे देतो. रविवारी लकडगंजला जाऊन सागवानाचे तुकडे बघतो, पायांच्या मापाचं चित्र काढलं की इथेच टाकतो, जुना_सुतार भाऊ, कापायच्या आधी एकदा नजर टाका.